पायाची दुखणी: घरी काय करायचं आणि दवाखाना कधी गाठायचा

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका दवाखान्यात ड्रेसिंगचं काम बघते. रोज पायच बघायचे असतात, कुणाला खिळा लागलेला, कुणाची टाच फाटलेली, कुणाचं नख मांसात घुसलेलं. बहुतेकांचं एकच असतंय, चार दिवसांत आले असते तर मलमपट्टीवर भागलं असतं, पण तीन आठवडे घरी काढले, हळद लावली, चुना लावला, कुणीतरी सांगितलेली ट्यूब लावली आणि मग आले. म्हणून ज्यांना यातलं काहीच माहिती नाही, घरात आई-वडिलांचे पाय सांभाळायची वेळ पहिल्यांदाच आलीय किंवा स्वतःचाच पाय दुखायला लागलाय, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. पाय किती दुखतोय यावरून दुखणं किती मोठं ते ठरत नाही. करंगळीला ठेच लागली की डोळ्यासमोर तारे चमकतात पण बहुतेक वेळा ते आपोआप बरं होतं, आणि शुगरवाल्या माणसाच्या तळव्याला रुपयाएवढी जखम असते, ती जराही दुखत नाही आणि तीच पाय घालवते.

आधी पाय नीट बघायला शिका

एका पायात २६ हाडं असतात, सांधे ३३, त्यामुळे नुसतं "पाय दुखतोय" म्हणून काही कळत नाही. उजेडात बसा, दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवा आणि तुलना करा. सूज एकाच पायाला आहे का दोन्हीला, रंग सारखा आहे का, एक पाय गार लागतोय का. मग एका बोटाने दाबत जा, टाच, तळव्याची कमान, चवडा, घोट्याची दोन्ही हाडं, आणि नेमकं कुठं दुखतंय तो बिंदू शोधा. शेवटी बोटांच्या बेचक्या उघडून बघा, तिथं कुणीच बघत नाही. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवा नाहीतर मोबाईलवर फोटो काढा.

मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. शुगर आहे का? पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे का? कातडी फुटलीय का? यातलं एकाचंही उत्तर हो असेल तर खालचे घरगुती उपाय तुमच्यासाठी नाहीत, जखम छोटी दिसली तरी डॉक्टरला दाखवा. बाकीच्यांनी पुढं वाचा, शुगरवाल्यांसाठी खाली वेगळा भाग आहे.

घोटा मुरगळला तर

रस्त्यातला खड्डा, जिन्याची शेवटची पायरी न दिसणं, रिक्षातून उतरताना पाय वाकडा पडणं, एवढं पुरतं. पाय बहुधा आत वळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा लिगामेंट ताणला जातो, तासाभरात अंड्याएवढी सूज येते.

पहिला प्रश्न असतो, हाड मोडलंय का. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी साधे नियम मांडले, जगभर वापरतात आणि घरीही करून बघता येतात. पडल्यावर लगेच आणि आताही चार पावलं टाकता येतायत का, लंगडत टाकली तरी चालतील. घोट्याची जी दोन हाडं बाहेर आलेली दिसतात, त्यांच्या मागच्या कडेला खालच्या ६ सेंटीमीटरमध्ये बोटाने दाबल्यावर हाडावरच दुखतंय का. पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडून टाचेकडं बोट सरकवत गेलं की साधारण मध्यावर हाडाचा उंचवटा लागतो, तिथं दुखतंय का, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वर जे हाड लागतं तिथं दुखतंय का. चार पावलं टाकता आली नाहीत किंवा यातल्या एखाद्या जागी हाड दुखलं तर एक्स-रे काढा. काहीच नसेल तर मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी. लहान मुलं, दारू प्यायलेला माणूस आणि बधिर पाय, या तिघांना मात्र हा नियम लावू नका, त्यांना सरळ एक्स-रेला न्या.

मोडलेलं नसेल तर पहिले दोन दिवस असं करा. बर्फ टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं शेका, दिवसातून चार-पाच वेळा, बर्फ थेट कातडीवर नको. झोपताना पायाखाली दोन उश्या, पाय छातीपेक्षा वर राहिला पाहिजे. क्रेप बँडेज बोटांच्या बुडापासून सुरू करून घोट्याच्या वर न्या, टाचेभोवती आठच्या आकड्यासारखं. बांधून झालं की अंगठ्याचं नख दाबून सोडा, पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे, नाही झालं तर सैल करा. रात्री सोडून झोपा.

आणि चोळू नका. हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडं मुरगळलं की गरम तेल लावून चोळायचं, नाहीतर "हाड बसवणाऱ्याकडं" न्यायचं. ताज्या दुखापतीत आतून रक्त येत असतं, चोळलं आणि गरम शेकलं की ते वाढतं. रक्तचंदनाचा, आंबेहळदीचा लेप लावायचाय तर लावा, कातडी फुटलेली नसेल तर त्याने वाकडं काही होत नाही, फक्त रगडू नका.

दोन-तीन दिवसांनी सूज उतरायला लागली की पाय हलवायला सुरू करा. खुर्चीवर बसून अंगठ्याने हवेत क पासून ज्ञ पर्यंत अक्षरं काढा, दिवसातून दोनदा. आठवडाभराने भिंतीला हात लावून दुखऱ्या पायावर एकट्यावर उभं राहायचा सराव करा. हा सराव लोक सोडून देतात आणि म्हणूनच तोच घोटा वर्षभरात परत मुरगळतो.

खेळताना टाचेच्या मागं कुणीतरी लाथ घातल्यासारखं वाटलं, "फट्" आवाज आला आणि आता चवड्यावर उभं राहता येत नाही, तर ती लचक नाही, पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी (टेंडन) तुटली असू शकते. त्याच दिवशी हाडाच्या डॉक्टरकडं.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनो

पोलीस भरतीची जाहिरात आली की पहाटे मैदानं भरतात. महिनाभर काही न करता एकदम रोज पाच-सहा किलोमीटर डांबरावर पळायला लागलं की चवड्याच्या मागं, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत एका जागी दुखायला लागतं. पळताना वाढतं, बसलं की कमी होतं, बोटाने दाबलं की नेमकं तेवढ्याच जागी कळ. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये ती बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून पळत राहू नका. पळणं बंद, सहा ते आठ आठवडे. भरती तोंडावर आलेली असते, पोरं ऐकत नाहीत, पण चिरेवर पळून हाड पूर्ण मोडलं तर ती भरती तर जातेच आणि पुढची पण जाते.

खिळा, काटा, पत्रा

एमआयडीसीत, बांधकामावर, शेतात, रोजचंच आहे. वाहत्या नळाखाली साबणाने पाच-दहा मिनिटं धुवा. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरा, उचलून उचलून बघू नका. चहापत्ती, कुंकू, चुना, पेट्रोल यातलं काहीही आत भरू नका, ड्रेसिंगला बसल्यावर निम्मा वेळ ते काढण्यात जातो आणि पेशंटला त्याचाच जास्त त्रास होतो.

खिळ्याची जखम वरून टिकलीएवढी दिसते आणि आत खोल असते, तोंड लवकर मिटतं आणि घाण आत राहते. धनुर्वाताची भीती इथंच. जखम खोल किंवा घाण असेल आणि शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं होऊन गेली असतील, किंवा कधी घेतलं ते आठवतच नसेल, तर त्याच दिवशी घ्या. पूर्वी टीटी म्हणायचो, आता त्या जागी टीडी देतात. खिळा बुटाच्या किंवा चपलेच्या तळातून आत गेला असेल तर जास्त जपा, रबराचा तुकडा आत राहतो आणि बुटाच्या तळातले जंतू हाडापर्यंत जाऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं तर थांबू नका. बाभळीच्या काट्याचंही तेच, टोक मोडून आत राहिलं तर सुईने उकरत बसू नका.

सकाळी उठल्यावर टाचेत कळ

पलंगावरून उतरलं, पहिलं पाऊल टाकलं आणि टाचेत सुरी घुसली, चार-पाच मिनिटं चाललं की कमी, दुपारी बसून उठलं की परत. हे ऐकलं की नव्वद टक्के निदान तिथंच होतं असं आमचे डॉक्टर म्हणतात. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो टाचेजवळ दुखावतो. लूमवर शिफ्टभर उभे राहणारे, दुकानात काउंटरला उभे राहणारे, वजन वाढलेलं, आणि घरात शहाबादी फरशीवर दिवसभर अनवाणी फिरणाऱ्या बायका, यांना हे जास्त होतं. फरशी उन्हाळ्यात गार लागते म्हणून बरी वाटते पण टाचेला तिच्यासारखी कडक दुसरी गोष्ट नाही.

काय करायचं ते क्रमाने सांगते. पलंगावरून उतरायच्या आधीच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, हाताने पाचही बोटं नडगीकडं ओढा, तळव्यात तो पट्टा ताणलेला हाताला लागेल, १० आकडे मोजा, सोडा, असं १० वेळा. दिवसातून तीनदा. मग पोटरीचा ताण, भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागं, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ. संध्याकाळी पाण्याची बाटली गोठवून पायाखाली घेऊन लाटायची. आणि घरात चप्पल घालायचीच, मऊ तळाची, देवघर-स्वयंपाकघरासाठी वेगळा जोड ठेवा म्हणजे घरात कुणी काही म्हणत नाही.

एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की लोक घाबरतात, ऑपरेशन लागणार म्हणून रडायला येतात. ज्यांना काहीच दुखत नाही अशा कितीतरी लोकांना पण ते वाढलेलं हाड असतं. दुखणं बहुतेक वेळा त्या पट्ट्याचं असतं आणि बहुसंख्य लोकांचं व्यायाम आणि चपलेवर वर्षाच्या आत जातं, पण वेळ लागतो, पंधरा दिवसांत सोडून देऊ नका.

चिखल्या, भेगा, कुरूप, नख

चिखल्या म्हणजे बेचकीत, बहुतेक करंगळीच्या शेजारी, कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते, खाजते, वास येतो. पावसाळ्यात होतात हे खरं पण सोलापूरच्या उन्हाळ्यात सेफ्टी शूज दहा तास घालणाऱ्यांनाही होतात. पाय धुतल्यावर बेचक्या फडक्याने कोरड्या करा, मोजे रोज बदला, बूट दिवसाआड उन्हात ठेवा. मेडिकलमध्ये क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिनची साधी क्रीम मिळते, ट्यूबवर किंवा डॉक्टरने सांगितलंय तेवढे दिवस लावा, खाज थांबली म्हणून मध्येच बंद करू नका. तीन-चार औषधं मिसळलेली ट्यूब घेऊ नका, त्यात स्टिरॉइड असतं, खाज दोन दिवसांत जाते आणि बुरशी आत पसरत राहते, नंतर ती कशालाच दाद देत नाही.

भेगांना रात्री कोमट पाण्यात १० मिनिटं पाय, मग वजरीने हलकं घासायचं, रक्त येईपर्यंत नाही, पुसून ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा युरियाची क्रीम आणि वर सुती मोजे. रोज केलं तर दोन आठवड्यांत फरक दिसतो, सणाच्या आदल्या दिवशी एकदाच केलं तर नाही.

कुरूप का चामखीळ हे ओळखायची सोपी खूण आहे. वरून सरळ दाबलं की जास्त दुखतं ते कुरूप, दोन बाजूंनी चिमटीत धरून दाबलं की जास्त दुखते ती चामखीळ. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात आणि कातडीच्या रेषा तिच्याभोवती वळून जातात. कुरूप चपलेच्या दाबाने होतं, म्हणजे चप्पल बदलली नाही तर कितीही काढा परत येणार. ब्लेडने कापू नका. कॉर्न कॅपमध्ये कातडी जाळणारं ॲसिड असतं, शुगरवाल्यांनी ती अजिबात लावू नये.

नखं सरळ रेषेत कापा, कोपरे खोल गोल करू नका, ते कोपरेच मांसात वाढतात. सुरुवातच असेल तर दिवसातून दोनदा कोमट पाण्यात पाय आणि ढगळ चप्पल. पू आला, अंगठा लाल झाला तर दवाखान्यात बधिर करून नखाची कड काढतात, अर्ध्या तासाचं काम आहे.

अनवाणी आणि लांब चालणारे

कोजागिरीला लोक सोलापूरहून तुळजापूरला देवीला चालत जातात, ४५ किलोमीटरच्या आसपास. फोड छोटा असेल तर फोडू नका, वर पट्टी लावा. मोठा, टचटचीत असेल तर सुई उकळून कडेला टोचा, पाणी जाऊ द्या, पण वरची कातडी ओढून काढू नका, तीच आतल्या मांसाला झाकते. नवे बूट घालून निघू नका.

डांबर भाजतं हे लक्षात घ्या. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा रस्ता त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. ज्याच्या पायाला संवेदना आहे तो उड्या मारत सावलीत पळतो, बधिर पायाचा माणूस आरामात चालत राहतो आणि घरी येऊन बघतो तर तळव्याची कातडी सुटलेली. नवस अनवाणी चालायचा असेल आणि शुगर असेल तर डॉक्टरला विचारून, निदान मोजे घालून, पहाटेच चाला, देवीला तुमचे पाय धड राहिलेलेच आवडतील. भाजलं तर २० मिनिटं नळाचं साधं पाणी, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही.

अंगठा एका रात्रीत लाल

झोपताना बरा होता, पहाटे अंगठ्याच्या बुडाशी लालबुंद, गरम, अंगावरची चादर त्याला लागली तरी सहन होत नाही. बहुधा युरिक ॲसिडचा गाऊट. डॉक्टर औषध देतात, उतरतो. फक्त ताप असेल किंवा जवळ जखम असेल तर ते इन्फेक्शन असू शकतं, थांबू नका.

शुगरवाल्यांचे पाय

इथं सावकाश वाचा. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा मरत जातात, रक्तपुरवठाही कमी होतो. पहिली खूण काय असते माहितीये का, पायातून चप्पल निसटते आणि कळत नाही. आमच्याकडं एक अक्का आल्या होत्या, विड्या वळायचं काम, पाऊण किलोमीटर एकाच चपलेवर चालत आल्या आणि दारात कुणीतरी विचारलं दुसरी कुठाय, तेव्हा त्यांनी खाली बघितलं. त्यांच्या दुसऱ्या तळव्यात काचेचा तुकडा होता. त्या हसत होत्या, "दुखत नाही बाई, काढून टाक." डॉक्टरांनी त्याच दिवशी ॲडमिट केलं म्हणून पाय राहिला.

रोज रात्री पाय बघायचे, स्वतःला दिसत नसेल तर सुनेला, नातवाला सांगा, लाजू नका. चप्पल घालायच्या आधी उलटी करून झटकायची आणि आत हात फिरवायचा. पाय धुवायच्या पाण्याचा अंदाज पायाने नाही, कोपराने घ्या. गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, पायाजवळ नको. बेचक्यांत तेल-क्रीम नको, बाकी पायाला लावा. अनवाणी घरातसुद्धा नाही. वर्षातून एकदा डॉक्टरकडं पायाची तपासणी मागून घ्या, ते नायलॉनच्या बारीक तारेने तळव्याला स्पर्श करतात, १० ग्रॅमच्या दाबाला ती तार वाकते, तेवढं कळलं नाही तर पाय धोक्यात आहे.

बधिर चट्टा, रंग फिकट, शुगर नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे आणि पूर्ण बरं होतं, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

कधी धावत जायचं

पाय गार आणि निळसर पडला. लाली जखमेपासून वर चढतेय आणि थंडी-ताप आहे. जखम काळी पडली, वास येतोय. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखतेय, त्यात दम लागत असेल तर एक मिनिटही नको. हाड दिसतंय किंवा पाय वाकडा झालाय. शुगरवाल्याचा पाय अचानक सुजून गरम झालाय, दुखत नसला तरी. साप चावला असेल तर न कापता, न आवळता, पाय न हलवता, १०८ ला फोन. सिव्हिलला चोवीस तास कॅज्युअल्टी असते. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, जुने शुगरचे रिपोर्ट आणि पायातली रोजची चप्पल बरोबर न्या, चपलेचा तळ कुठं झिजलाय ते बघून डॉक्टरला अर्धं कळतं.

चप्पल घेताना

नवी पेठेत जा नाहीतर कुठंही, पण संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. दोन्ही पाय मोजून घ्या, जो मोठा त्याच्या मापाची. सगळ्यात लांब बोटाच्या पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे. हातात धरून वाकवा, बोटांच्या जागी वाकली पाहिजे, मध्यातून नाही. शुगरवाल्यांनी अंगठ्याची चप्पल घेऊ नये, मागून पट्टा असलेली घ्यावी, आतून मऊ एमसीआर रबर (बारीक छिद्रांचं, स्पंजासारखं) आणि तळ कडक. सुरुवातीला घरात तासभरच घाला, काढल्यावर पाय बघा. लाल डाग उठला असेल आणि पंधरा-वीस मिनिटांत गेला नाही तर ती चप्पल कितीही महाग असली तरी दुकानात परत न्या आणि बदलून घ्या.